तीर्थ : नदीच्या उतारापासून संघापर्यंत

‘तॄ’ म्हणजे तरून जाणे. या धातूपासून सिद्ध झालेल्या ‘तीर्थ’ शब्दाचा मूळ अर्थ नदीचा उतार, जेथून पायी पलीकडे जाता येते. कौटिल्याने राज्याच्या 18 उच्चाधिकाऱ्यांना ‘तीर्थ’ म्हटले. एका गुरूपाशी शिकलेले ते ‘सतीर्थ्य’. मराठी पत्रांत तर वडीलही ‘तीर्थरूप’!

जैन परंपरेत मात्र साधू, साध्वी, श्रावक व श्राविका हा चतुर्विध संघच तीर्थ होय. त्याची स्थापना करणारे ते तीर्थंकर. गजपंथा, मांगीतुंगी, कुंथलगिरी ही तीर्थक्षेत्रे ठरली, ती तेथून मुनिवर मोक्षास गेले या श्रद्धेने. यात्रेच्या धांदलीत संघरूप अर्थ मागे पडतो, हे खेदाने नमूद केले पाहिजे. त्या अर्थाने यात्रेकरूंची शिदोरी बांधून देऊन घरीच राहिलेली श्राविकाही तीर्थाचेच अंग आहे.