फीनिक्सचें निवडुंग-उद्यान आणि तेथील पांखरें

मरुभूमि म्हटली कीं वाळू, मृगजळ आणि निर्जनता यांचेंच चित्र मनापुढें उभें राहतें. उत्तर अमेरिकेंतील सोनोरा नांवाची मरुभूमि या कल्पनेंत बसत नाहीं. तेथें हिवाळ्यांत व पुन्हां उन्हाळ्यांत थोडा पाऊस पडतो, तेवढ्यावर नाना जातींचे निवडुंग वाढतात आणि त्यांच्या आश्रयानें पांखरांची मोठी वस्ती नांदते. याच मरुभूमींत, अॅरिझोना राज्याची राजधानी जें फीनिक्स शहर, त्याच्या पूर्व भागांत पापागो पार्कमधील तांबड्या टेंकड्यांजवळ एक विख्यात वनस्पति-उद्यान आहे. दुर्बीण घेऊन येणाऱ्या पक्षिनिरीक्षकांचें तें आवडतें ठिकाण होय. वस्तुतः हें उद्यान निघालें तें निवडुंग वांचविण्यासाठीं. पांखरांचें रक्षण त्यांतून ओघानेंच झालें.

त्या टेंकड्यांना कायद्याचें संरक्षण पूर्वींच मिळालें होतें. ३१ जानेवारी १९१४ रोजीं अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनीं जाहीरनामा काढून सुमारें २००० एकर जमीन राष्ट्रीय स्मारक म्हणून राखून ठेविली. सवारो नांवाचे प्रचंड निवडुंग तेथें सुरक्षित राहावेत, हा त्यांतील एक प्रमुख हेतु. परंतु कायद्याला पुरेशा देखरेखीची जोड मिळाली नाहीं. निवडुंगांची नासधूस चालूच राहिली आणि १९३० सालीं अमेरिकन कायदेमंडळानें तें स्मारकच रद्द केलें.

पुढें हें काम नागरिकांनीं हातीं घेतलें. गुस्ताफ स्टार्क नांवाच्या गृहस्थांनीं ‘मरुभूमि वांचवा’ अशी पाटी लावून आपल्या घराच्या दिशेनें बाण काढला आणि समविचारी माणसें गोळा केलीं. १९३४ सालीं निवडुंगप्रेमी मंडळींची संस्था स्थापन झाली. गर्ट्रूड डिव्हाइन वेबस्टर या सधन बाईंनीं तिला द्रव्य आणि नेतृत्व दोन्ही दिलें, व १९३९ सालीं उद्यान लोकांस खुलें झालें. १९३० मध्यें फीनिक्सची लोकसंख्या ४८ हजार होती. २०२० च्या खानेसुमारींत ती १६ लाखांवर गेली. शहर असें चोहोंकडे पसरल्यावर राखून ठेवलेल्या त्या जमिनीचें खरें मोल ध्यानांत आलें.

याच काळांत पक्षी पाहण्याची रीतहि पालटली होती. एकोणिसाव्या शतकांत पक्षी नीट ओळखावयाचा म्हणजे आधीं तो बंदुकीनें पाडावयाचा, असा विद्वानांचा परिपाठ होता. १८८९ सालीं फ्लॉरेन्स मेरियम या लेखिकेनें नाटकगृहांतील लहान दुर्बिणीनें पक्षी पाहण्यावर पुस्तक लिहिलें, आणि १९०० सालीं फ्रँक चॅपमन यांनीं नाताळांतील शिकारीऐवजीं पक्षिगणनेची प्रथा सुरू केली. उद्यानाचीं दारें उघडलीं तेव्हां असा प्रेक्षक तयारच होता.

त्याला तेथें जें दिसतें त्याचें मर्म सवारोंत आहे. सवारो फार सावकाश वाढतो. पहिल्या आठ वर्षांत त्याची उंची इंच-दीड इंचापलीकडे क्वचित जाते. फांदी फुटण्यास पन्नास ते पाऊणशें वर्षें लागतात. आयुष्य दीडशें वर्षांहून अधिक असूं शकतें. त्याच्या उंच खोडांत गिला जातीचा सुतारपक्षी चोंचीनें ढोली कोरतो. ती कोरून झाली तरी तो तींत लगेच संसार मांडीत नाहीं. कांहीं महिने जाऊं देतो. तेवढ्या अवधींत निवडुंग आपल्या जखमेभोंवतीं कठीण कवच धरतो, आंतील ओल अडते आणि जाड भिंतींचें कोरडें घर तयार होतें. उन्हांत तें बाहेरच्यापेक्षां थंड राहतें व थंडींत उबदार. सुतारपक्षी निघून गेला कीं त्या घरांत दुसरे बिऱ्हाडकरू येतात. या मरुभूमींत चिमणीएवढाच एक पिंगळा आढळतो. त्याचा संसार अशाच ढोलींत होतो. आफ्रिकेंतून पाळण्यासाठीं आणलेले आणि पिंजऱ्यांतून सुटलेले गुलाबी तोंडाचे लव्हबर्डहि आतां फीनिक्समध्यें सवारोच्या ढोलींत घरटीं करितात. पांढऱ्या पट्ट्याच्या पंखांचा होला सवारोच्या फुलांतील मध पितो, पराग वाहतो आणि पुढें फळेंहि खातो.

हें सारें आज संकटांत आहे. २०२३ सालीं ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत, सलग ३१ दिवस, फीनिक्सचें उष्णतामान दररोज ११० अंश फॅरनहाइटला पोंचलें किंवा त्याहून वर गेलें. निवडुंग आपलीं सूक्ष्म छिद्रें रात्रीच्या गारव्यांत उघडून हवा घेतो. डांबर आणि सिमेंट यांनीं तापलेल्या शहरांत रात्रीहि गार होईनाशा झाल्या. उद्यानांतील कांहीं सवारोंच्या फांद्या गळून पडल्या, कांहीं मुळासकट कोसळले. नवें रोप लावतां येतें. पण ढोली कोरण्याजोगें खोड उभें राहावयास माणसाचें आयुष्य पुरत नाहीं, आणि पांखराला तर घर येत्या विणीच्या हंगामांतच हवें असतें.

म्हणून उद्यानानें नागरिकांच्या साहाय्यानें शहर-परिसरांतील सवारोंची गणना हातीं घेतली आहे. कोणता निवडुंग कोठें व कोणत्या स्थितींत आहे, याची नोंद लोकच करितात. १९१४ चा जाहीरनामा सोळा वर्षें टिकला. १९३४ सालीं जमलेल्या मंडळींचें काम अद्यापि चाललें आहे. ज्या गोष्टीची वाढ शंभर वर्षांची, तिची राखणहि पिढ्यान्पिढ्या करावी लागते.