कोथरूडचे आमदार श्री. चंद्रकांत पाटील : परिचय व कार्य

पुणे शहराच्या पश्चिमेकडील कोथरूड विधानसभा मतदारसंघाचे (क्रमांक २१०) प्रतिनिधित्व श्री. चंद्रकांत बच्चू पाटील यांच्याकडे २०१९ मध्ये आले. २०२४ च्या निवडणुकीत मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. राज्यात ‘चंद्रकांतदादा’ या नावाने ते परिचित आहेत. महसूल, सार्वजनिक बांधकाम, उच्च व तंत्र शिक्षण अशी वजनदार खाती त्यांनी सांभाळली असल्याने त्यांच्या कारकिर्दीचा विचार केवळ मतदारसंघापुरता करून भागत नाही.

श्री. पाटील यांचा जन्म १० जून १९५९ रोजी मुंबईत एका गिरणी कामगाराच्या कुटुंबात झाला. त्यांचे मूळ गाव कोल्हापूर जिल्ह्यातील भुदरगड तालुक्यातले खानापूर. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयातून त्यांनी वाणिज्य शाखेची पदवी घेतली. विद्यार्थिदशेतच ते अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या कार्यात ओढले गेले आणि १९८० पासून सुमारे तेरा वर्षे त्यांनी परिषदेचे पूर्णवेळ कार्यकर्ते म्हणून काम केले. त्यानंतर ते कोल्हापुरास परतले. भारतीय जनता पक्षात त्यांनी प्रवेश केला तो २००४ मध्ये, म्हणजे वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. मोठ्या पदांवर पोहोचलेल्या नेत्याच्या मानाने हा प्रवेश उशिराचाच म्हणावा लागेल.

२००८ मध्ये पुणे पदवीधर मतदारसंघातून ते विधान परिषदेवर निवडून आले. या मतदारसंघाचे स्वरूप थोडे निराळे असते. पदवी मिळून किमान तीन वर्षे झालेल्या आणि मतदार यादीत स्वतंत्र नोंदणी केलेल्या नागरिकांनाच तेथे मतदान करता येते. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर व कोल्हापूर हे पाच जिल्हे त्यात मोडतात. २०१४ मध्येही ही जागा त्यांनी राखली. ते विधानसभेवर गेल्यानंतर मात्र डिसेंबर २०२० च्या निवडणुकीत ती राष्ट्रवादी काँग्रेसचे श्री. अरुण लाड यांच्याकडे गेली.

२०१४ मध्ये राज्यात सत्तांतर झाल्यावर त्यांच्याकडे सहकार, पणन व सार्वजनिक बांधकाम ही खाती आली. २०१६ मध्ये श्री. एकनाथ खडसे यांनी राजीनामा दिल्यानंतर महसूल खातेही त्यांच्याकडे सोपविण्यात आले. मराठा आरक्षणाच्या प्रश्नासाठी नेमलेल्या मंत्रिमंडळ उपसमितीचे ते प्रमुख होते. २०१८ मध्ये झालेला आरक्षणाचा कायदा मुंबई उच्च न्यायालयाने टक्केवारी कमी करून मान्य केला, परंतु ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्दबातल ठरविला. बांधकाममंत्री या नात्याने १५ डिसेंबर २०१७ पर्यंत राज्यातील रस्ते खड्डेमुक्त करण्याचे आश्वासन त्यांनी दिले होते. ते पुढे त्यांना वारंवार ऐकून घ्यावे लागले. असे तारीखवार वचन देणारे मंत्री थोडेच, आणि ते का थोडे, हेही यावरून कळते.

कोथरूड हा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेतून निर्माण झाला. कोथरूड गावठाण, एरंडवण्याचा परिसर, तसेच पाषाण, बाणेर, बालेवाडी असा त्याचा विस्तार आहे. डहाणूकर कॉलनी, मयूर कॉलनी यांसारख्या मध्यमवर्गीय वसाहती, टेकडीच्या उतारावरील सुतारदरा, केळेवाडी, किष्किंधानगर यांसारख्या कष्टकऱ्यांच्या वस्त्या आणि बाणेरचे नवे टोलेजंग गृहप्रकल्प या तिन्हींच्या गरजा एकमेकींशी फारशा जुळत नाहीत. २००९ मध्ये येथून शिवसेनेचे श्री. चंद्रकांत मोकाटे निवडून आले. २०१४ मध्ये भाजपच्या प्रा. मेधा कुलकर्णी यांनी त्यांचा ६४,६६२ मतांनी पराभव केला.

इतक्या मोठ्या मताधिक्याने जिंकलेल्या आमदाराला डावलून २०१९ मध्ये श्री. पाटील यांना उमेदवारी देण्यात आली, तेव्हा मतदारसंघात नाराजी उमटणे स्वाभाविक होते. ‘बाहेरचा उमेदवार’ हा प्रचाराचा मुख्य मुद्दा ठरला. मनसेचे श्री. किशोर शिंदे यांच्या विरोधात दोन्ही काँग्रेसनी उमेदवार उभा केला नाही. श्री. पाटील यांना १,०५,२४६ तर श्री. शिंदे यांना ७९,७५१ मते मिळाली. पक्षाचे प्रदेशाध्यक्ष असलेल्या उमेदवारास हे मताधिक्य फार नव्हे. पाच वर्षांनंतर, २०२४ मध्ये, श्री. मोकाटे यांच्याविरुद्ध ते १,१२,०४१ मतांनी विजयी झाले. या फरकामागे राज्यातील बदललेले वारे होतेच, तथापि बाहेरचेपणाचा मुद्दा मागे पडला, हेही खरे. श्रीमती कुलकर्णी २०२४ मध्येच राज्यसभेवर बिनविरोध निवडून गेल्या.

मतदारसंघातील मोठ्या कामांत मेट्रोचा उल्लेख प्रथम येतो. वनाज ते गरवारे महाविद्यालय हा टप्पा ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाला आणि वनाज ते चांदणी चौक या विस्तारास केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मान्यता दिली. चांदणी चौकातील जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडण्यात आला व नव्या उड्डाणपुलाचे लोकार्पण १२ ऑगस्ट २०२३ रोजी झाले. या कामांचे श्रेय एकट्या आमदाराचे नसते. केंद्र, राज्य व महापालिका अशा तिघांचा त्यात वाटा असतो. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासकीय कारभार सुरू झाल्यानंतर मात्र नगरसेवकाकडे न्यायची गाऱ्हाणीही आमदाराच्या कार्यालयात जाऊ लागली.

डिसेंबर २०२२ मध्ये पैठण येथील भाषणात, महात्मा फुले, डॉ. आंबेडकर व कर्मवीर भाऊराव पाटील यांनी भीक मागून शाळा काढल्या, असे विधान त्यांनी केले. लोकवर्गणी असा आपला अर्थ होता, हा खुलासा पुढे आला, पण शब्द जिव्हारी लागला होता. दुसऱ्याच दिवशी चिंचवड येथे त्यांच्यावर शाई फेकण्यात आली. श्री. पाटील यांनी दिलगिरी व्यक्त करून या विषयावर पडदा टाकला. शाईफेकीचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु लोकांच्या मूठमूठ धान्यावर व पैशावर उभ्या राहिलेल्या शिक्षणकार्यासाठी शिक्षणमंत्र्याने तो शब्द योजावयास नको होता.

उच्च व तंत्र शिक्षण खात्याचा एक निर्णय आपल्या वाचकांनी अवश्य माहीत करून घ्यावा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ करण्यात आले. पूर्वी ही सवलत निम्मी होती. ती केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशांनाच लागू असून व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशांना मिळत नाही. अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांचा समावेश महाराष्ट्रात इतर मागास वर्गात होतो. त्यामुळे अशा घरांतील मुलींनाही या सवलतीचा लाभ घेता येतो. त्यासाठी जातीचा व उत्पन्नाचा दाखला प्रवेशप्रक्रिया सुरू होण्यापूर्वीच काढून ठेवणे इष्ट, कारण ऐन प्रवेशाच्या आठवड्यात दाखल्यांसाठी मोठी गर्दी उसळते.