तिन्हीसांज : सातारा-सांगलीच्या संधिकाळाचा इतिहास

१/ मावळत्या सूर्यानंतरच्या थोड्या वेळाला मराठीत जितकी नावे आहेत, तितकी दिवसाच्या दुसऱ्या कुठल्याही प्रहराला नसावीत. सांज, तिन्हीसांज, कातरवेळ, दिवेलागण, गोरज. ही केवळ पर्यायी नावे नव्हेत. प्रत्येक नावामागे त्या वेळी करावयाचे एखादे काम किंवा त्या वेळी मनात येणारी एखादी भावना आहे. सातारा आणि सांगली हे १९४९ पर्यंत बव्हंशी एकाच जिल्ह्यात नांदलेले प्रदेश. तेथील संधिकाळाचा हा इतिहास.

२/ 'संध्या' म्हणजे सांधा, दोन काळांचा जोड. प्राकृतातील 'संझा'वरून 'सांज' आली. दिवस, रात्र आणि त्यांना जोडणारा क्षण हे तिन्ही जिथे भेटतात ती तिन्हीसांज, असा तिचा लौकिक अर्थ सांगतात. 'कातर' म्हणजे भ्यालेला, व्याकुळ; म्हणून मन हळवे करणारी ती कातरवेळ. गाई रानातून परतताना त्यांच्या खुरांनी उडालेली धूळ म्हणजे गोरज. त्या वेळेवर लग्ने लागू लागली आणि गोरज मुहूर्त रूढ झाला.

३/ या नावांमधील घाईचे एक कारण भूगोलात आहे. सातारा आणि सांगली साधारण १७ अंश अक्षांशावर येतात. येथे सूर्य क्षितिजाखाली जवळजवळ सरळ उतरतो. त्यामुळे सूर्यास्तानंतर दिव्याशिवाय काम करता येईल असा उजेड जेमतेम २२ ते २५ मिनिटे टिकतो. लंडनमध्ये जून महिन्यात हाच उजेड पाऊण तासाहून अधिक रेंगाळतो. दख्खनच्या माणसाला संध्याकाळ निवांत न्याहाळायला फारसा अवधीच मिळत नाही. तेवढ्यात गुरे बांधायची, सरपण आत घ्यायचे, मुले मोजायची आणि दिवा लावायचा.

४/ तिन्हीसांजेचे निषेध याच संदर्भात वाचावेत. या वेळी केर काढू नये, निजू नये, उंबरठ्यावर बसू नये, शेजारी मीठ किंवा दही देऊ नये. लक्ष्मी घरी येण्याची ही वेळ, असे त्याचे कारण सांगितले जाई. मिणमिणत्या पणतीत केराबरोबर एखादा मणी किंवा नाणे निघून जाणे सहज शक्य होते, हेही खरे. मात्र या साऱ्या नियमांचा भार मुख्यतः घरातील स्त्रीवर होता. तुळशीपुढे दिवा लावणारी तीच, आणि दिवसभराच्या कष्टांनंतर क्षणभर पाठ टेकायची बंदीही तिलाच.

५/ संधिकाळ आणि उंबरठा यांचे नाते पुराणकथेतही आहे. हिरण्यकशिपूला दिवसा मरण नव्हते आणि रात्रीही नव्हते. घरात नव्हते आणि घराबाहेरही नव्हते. म्हणून नरसिंहाने त्याला सायंकाळी, उंबरठ्यावर मारले. सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यातील कृष्णाकाठच्या कोळे नरसिंहपुरात सोळा हातांची ज्वालानृसिंहाची मूर्ती आहे. वैशाख शुद्ध चतुर्दशीला नृसिंहजन्माचा सोहळा करतात तो सूर्यास्तसमयीच. वरदानातील पळवाट ज्या वेळेत सापडली, ती वेळ लोकमनाला सदैव अर्धी पवित्र आणि अर्धी धोक्याची वाटत आली.

६/ धोका मात्र सर्वांना सारखा नव्हता. याची सर्वांत ठळक साक्ष साताऱ्याच्याच मातीतली आहे. १९०१ च्या सुमारास साताऱ्यात राहणारी चार मुले वडिलांना भेटायला खटाव तालुक्यातील गोरेगावी निघाली. वडील तेथे खजिनदार होते. दोघे सख्खे भाऊ, दोघे त्यांच्या थोरल्या बहिणीचे मुलगे. त्यांतील एकाचे नाव भीमराव, पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

७/ मुले संध्याकाळी पाचच्या सुमारास मसूर स्थानकावर उतरली. पत्र वडिलांच्या हाती न पडल्याने न्यायला कुणी आले नव्हते. नीटनेटके कपडे पाहून आपुलकीने चौकशी करणाऱ्या स्टेशनमास्तरचा चेहरा जात कळताच पालटला. गाड्या होत्या, पण अस्पृश्य मुलांना बसवून नेण्यास गाडीवान तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बरोबर चालायचे, असा तोडगा निघाला. तोवर साडेसहा झाले होते.

८/ मुलांची चिंता एकच होती : अंधारापूर्वी पोहोचू ना? तीन तासांहून अधिक लागणार नाहीत, असे गाडीवानाने सांगितले. प्रत्यक्षात मध्यरात्रीच्या सुमारास ती एका जकात नाक्यापर्यंत कशीबशी पोहोचली. बरोबर शिदोरी होती, पण प्यायला पाणी नव्हते आणि पाणी देणारे कुणी नव्हते. रात्र तहानेत गेली. गोरेगाव दिसले ते दुसऱ्या दिवशी. बाबासाहेबांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात हा प्रवास मांडला. गावोगावी दिवे लागत होते त्याच घटकेला या मुलांना कुणाच्याही दारात जागा नव्हती. संधिकाळाचा इतिहास लिहिताना पणतीबरोबर ही बैलगाडीही नोंदवावी लागते.

९/ विसाव्या शतकाच्या मध्यास या वेळेला एक नवे काम मिळाले. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर पसरली. दिवसभर रानात राबणाऱ्या प्रौढांना मोकळा वेळ होता तो सांजेनंतरचाच. कंदिलाच्या उजेडात पाटीवर अक्षरे उमटू लागली. एरवी घराघरांत मुले पाढे आणि पर्वचा म्हणत, त्याच प्रहरी आता त्यांचे आईवडील बाराखडी गिरवू लागले. गाव साक्षर झाले की त्याचा जाहीर समारंभ होई.

१०/ पाठोपाठ वीज आली. साताऱ्यातील कोयना प्रकल्पातून १९६२ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. ज्यांची गावे पाण्याखाली गेली, त्यांच्या त्यागावर इतरांची संध्याकाळ उजळली. बटण दाबताच दिवेलागण होऊ लागली. तरीही कित्येक घरांत बल्ब लागताच हात जोडण्याची रीत टिकली. वातीपुढचा नमस्कार तारेतून आलेल्या उजेडालाही मिळाला. मग दूरचित्रवाणी आली, मोबाइल आला, आणि सांजेची वेळ पडद्याने व्यापली.

११/ सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगावने यावर एक उपाय योजला. करोनाकाळातील ऑनलाइन वर्गांमुळे मुलांच्या हाती आलेला मोबाइल सुटेना, तेव्हा ग्रामसभेत निर्णय झाला. १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी ७ वाजता मंदिरावरील भोंगा वाजतो. दूरचित्रवाणी व मोबाइल बंद होतात आणि साडेआठपर्यंत मुले अभ्यासाला, मोठी माणसे वाचनाला किंवा गप्पांना बसतात. या निर्णयामागे गावातील स्त्रियांचा मोठा आग्रह होता.

१२/ यात एक बारीक फरक आहे. जुनी तिन्हीसांज आकाशावर चाले. या भागात सूर्य नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास मावळतो, तर जुलैच्या आरंभी सातनंतर. वडगावचा भोंगा घड्याळावर चालतो. पूर्वी अंधार माणसांना घरी आणून एकत्र बसवी, त्यासाठी ठराव लागत नसे. आता उजेड मुबलक आहे, म्हणून तेच एकत्र बसणे गावाला ठरवून करावे लागते.

१३/ एक गोष्ट मात्र वडगावने जुन्या रीतीपेक्षा वेगळी केली. तिन्हीसांजेचे नियम घरातील बाईने पाळायचे असत. भोंग्याचा नियम साऱ्या गावाने पाळायचा आहे, पुरुषांनीही. मसूरच्या फलाटावर ताटकळलेल्या चार मुलांना १९०१ मध्ये ज्या संध्याकाळने वगळले होते, ती आज गावातील प्रत्येक मुलाच्या वाट्याला सारखी यावी, एवढी अपेक्षा या दीड तासाकडून करायला हरकत नाही.