सौर पॅनेल : घडवावे की विकत घ्यावे?

देहू-आळंदी रस्त्याने तळवड्यात शिरले की पत्र्याच्या शेड आणि छोटे गाळे दिसू लागतात. कोठे लेथवर कातकाम चालते, कोठे वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात. ज्या मुलांच्या घरची माणसे अशा गाळ्यांत काम करतात, त्यांच्या वर्गात सौरऊर्जेचा पाठ निघाला की एक प्रश्न हटकून येतो : "सर, पॅनेल म्हणजे काच, चौकट आणि एकमेकांना जोडलेले घट. मग ते आपणच का बनवू नये?"

प्रश्न रास्त आहे. 'ते कारखान्यातच होते' असे सांगून मुलाला गप्प बसवणे आम्हांला बरे वाटत नाही. उत्तर शोधायला थोडे मागे, दीडशे वर्षांपूर्वीच्या मुंबईत जाऊ.

कुलाब्याचे आरसे

१८७० च्या दशकात विल्यम ॲडम्स नावाचे इंग्रज गृहस्थ मुंबईत डेप्युटी रजिस्ट्रार होते. हुद्दा कोर्टकचेरीतला, पण नाद उन्हाचा. फ्रान्समधले गणिताचे शिक्षक ऑग्युस्तँ मूशो यांनी सूर्याच्या उष्णतेवर वाफेचे छोटे इंजिन चालवून दाखवले होते. मुंबईत कोळसा महाग आणि ऊन फुकट, तेव्हा हे यंत्र येथेच शोभेल, असे ॲडम्सना वाटले.

मात्र त्यांनी मूशोंची नक्कल केली नाही. मूशोंचा परावर्तक शंकूच्या आकाराचा, चकाकी दिलेल्या धातूच्या पत्र्याचा होता. तो मोठा करायचा तर खर्च फार, आणि चकाकी टिकवण्याचे काम कायमचे मागे लागणार. ॲडम्सनी साधे, सपाट काचेचे आरसे घेतले. ते एका चौकटीवर अर्धवर्तुळात असे मांडले की सर्वांचे कवडसे एकाच बाष्पकावर पडावेत. सूर्य सरकेल तशी चौकट रुळावरून ढकलायला एक माणूस पुरे. मधल्या कुलाब्यातील एका बंगल्याच्या आवारात या उष्णतेवर अडीच अश्वशक्तीचे इंजिन सुमारे पंधरा दिवस दिवसा चालले आणि त्याने पाणी उपसले. त्यांनी आरशांची एक अष्टकोनी चूलही केली. तिच्यावर सात शिपायांचे मांस आणि भाजी जानेवारीच्या उन्हातही दोन तासांत शिजली. १८७८ मध्ये या प्रयोगांवर त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

यातील एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावी. ॲडम्सनी आरसे स्वतः बनवले नाहीत. आरसे तयार होते, त्यांनी मांडणी केली. शिवाय ही मांडणी उघडी होती. एखादा आरसा वाकडा झाला तर कवडसा चुकलेला लगेच दिसे. तो हाताने सरळ करता येई. फुटला तर तेवढाच बदलता येई.

उन्हापासून वीज

विजेचे पॅनेल ही वेगळ्या कुळातली वस्तू. २५ एप्रिल १९५४ रोजी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी बनवलेला सिलिकॉनचा सौरघट लोकांपुढे ठेवला. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. १९५८ मध्ये असे घट 'व्हॅनगार्ड-१' या उपग्रहावर बसून अवकाशात गेले. आपल्याकडे साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९७७ मध्ये सौरघट आणि पुढच्याच वर्षी पॅनेल तयार केले.

त्या काळी सौरघटांची किंमत जगाच्या बाजारात वॅटला सुमारे ७५ डॉलर होती. पॅनेलचा खर्च म्हणजे मुख्यतः घटांचा खर्च. त्यामुळे जोडणी घरी केली तरी फारसे वाचत नसे. आता घट स्वस्त झाले, पण तयार पॅनेलही वॅटला साधारण वीस ते तीस रुपयांपर्यंत उतरले. म्हणजे पूर्वी घट महाग म्हणून घरची जोडणी परवडत नव्हती आणि आज पॅनेल स्वस्त म्हणून तिची गरज उरली नाही. तरीही हाताशी हत्यारे असलेल्या माणसाला मोह होतोच. तेव्हा हे काम नेमके काय आहे ते पाहू.

एका सिलिकॉन घटापासून सुमारे अर्धा व्होल्ट मिळतो. १२ व्होल्टची बॅटरी भारायची तर ३६ घट एकसर जोडून १८ व्होल्टच्या आसपास जावे लागते. घटाची जाडी ०.२ मिलिमीटरहूनही कमी, म्हणजे पापडापेक्षा नाजूक. त्याला तांब्याच्या पट्ट्या झाळायच्या. एवढे तळवड्यातील सराईत हाताला जमेल. अडचण पुढेच आहे.

कारखान्यात घट एका पारदर्शक प्लास्टिकच्या दोन थरांत ठेवतात, वर कडक केलेली काच, खाली संरक्षक पडदा. आणि निर्वातात सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून सगळे एकजीव करतात. घरी खिडकीची काच, प्लायवूड आणि सिलिकॉनची पेस्ट वापरतात. दिवसा तापणे, रात्री निवणे यामुळे सांधे ढिले होतात आणि पावसाळ्यात आत ओल शिरते. झाळलेले जोड गंजतात. जोडणी एकसर असल्याने एक जोड तुटला तर सर्व ३६ घट बंद. अर्धवट तुटला तर तेथे उष्णता साचते आणि प्लायवूडला आग लागण्याचा धोका असतो. ॲडम्सच्या आरशासारखे येथे हात घालून दुरुस्त करता येत नाही.

थोडा हिशेब

तीन किलोवॅटची यंत्रणा घेऊ. वॅटला २५ रुपये धरले तर पॅनेलचे ७५,००० रुपये होतात. समजा, घरी बनवून ती निम्म्यात पडली. वाचले ३७,५०० रुपये. पण २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत एवढ्याच यंत्रणेला ७८,००० रुपये अनुदान ठरले, आणि त्यासाठी देशी घटांची, प्रमाणित पॅनेल बसवण्याची अट आहे. घरगुती पॅनेल त्या अटीत बसत नाही. वाचवलेल्या पैशांच्या दुप्पट रक्कम गमवावी लागते.

अनुदान नको, बॅटरीवर भागवू, असे कोणी म्हणेल. तरी आयुष्य विचारात घ्यावे लागते. कारखान्यातील पॅनेलला २५ वर्षांची हमी असते. त्याचा वर्षाचा खर्च ३,००० रुपये. घरचे पॅनेल तीन पावसाळे टिकले असे धरले, तर वर्षाला १२,५०० रुपये. निम्म्या किमतीची वस्तू चौपट महाग पडली.

'आपण' म्हणजे किती जण?

मग पॅनेल आपल्या हातांनी होऊच नये का? वर्धा जिल्ह्यातील कवठा येथे बचत गटांच्या स्त्रियांनी पॅनेल बनवण्याचा कारखाना चालवला. राजस्थानातील डुंगरपूर येथेही स्त्रियांनी असाच कारखाना उभारला. दोन्ही ठिकाणी मुंबईच्या आय.आय.टी.ने प्रशिक्षण दिले. झाळकाम शिकणाऱ्या स्त्रिया कोणत्याही गावात असतात तशाच होत्या. फरक इतकाच, की थर एकजीव करणारे आणि तयार पॅनेल तपासणारे यंत्र त्यांनी एकत्र येऊन मिळवले. एका घराला न परवडणारे यंत्र शेकडो घरांना मिळून परवडते.

आमचे उत्तर असे : छपरासाठी विजेचे पॅनेल विकत घ्यावे. हौस हाताने घडवण्याची असेल तर उष्णतेकडे वळावे. काळा पत्रा, तांब्याच्या नळ्या, काच आणि उष्णतारोधक थर यांचा पाणी तापवणारा सपाट संग्राहक गाळ्यात करता येतो. पडलेल्या ऊर्जेपैकी साधारण निम्मी तो पाण्याला देतो. गळला तर पुन्हा झाळता येतो.

आणि शाळेत? तेथे पॅनेल अवश्य बनवावे, पण चार घटांचेच. व्होल्टमापक लावला की दोन व्होल्ट दिसतील. मग एक छोटा पंखा जोडून उन्हात धरावा आणि मुलाने एकाच घटावर तळहात ठेवावा. तीन घट उन्हात असूनही पंखा थांबतो. हात काढला की पुन्हा फिरू लागतो. पॅनेल आपणच का बनवू नये, असे विचारणाऱ्या मुलाच्या हातीच हा प्रयोग प्रथम द्यावा.