माफी कोणी मागायची? : ओरगडमच्या रस्त्यावरून

रस्त्यांचा इतिहास म्हटलं की आपण शेरशाहचा मार्ग, नाणेघाट, सातवाहनांचे टोलनाके असं काहीतरी डोळ्यांसमोर आणतो. आज तिकडे जायचं नाही. आज माझ्या घरासमोरच्या रस्त्यावर जायचं आहे.

मी मूळचा पुण्याचा. नोकरीसाठी चेन्नईत आलो आणि गेली काही वर्षं अंबत्तूर भागातल्या ओरगडममध्ये राहतो. नावामुळे गोंधळ होतो, म्हणून आधीच सांगतो. चेन्नईच्या आसपास ओरगडम दोन आहेत. वर्तमानपत्रात येतं ते कांचीपुरम जिल्ह्यातलं, मोटारी, ट्रक आणि बुलेट तयार करणारं. माझं ओरगडम शहराच्या वायव्येला, साध्या वस्तीचं. पण त्याच्या शेजारचं अंबत्तूर कशासाठी प्रसिद्ध होतं, माहीत आहे? सायकलींसाठी. मुरुगप्पा उद्योगसमूहाने इंग्लंडच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सबरोबर १९४९ मध्ये टीआय सायकल्सची स्थापना केली आणि कारखाना अंबत्तूरला उभा राहिला. तुमच्या-माझ्या वडिलांची हर्क्युलस किंवा बीएसए इथूनच आलेली असण्याची शक्यता बरीच आहे. म्हणजे एका ओरगडमच्या शेजारी सायकल घडली, दुसऱ्यात मोटार. आपल्या शहरांचा पाऊणशे वर्षांचा प्रवास एकाच नावाच्या दोन गावांत मावतो.

आता मूळ गोष्ट. तीन वर्षांपूर्वीची पावसाळ्यातली संध्याकाळ, आणि इथला पावसाळा म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर. मी गाडी चालवत होतो. डावीकडे पदपथ होता, पण नावालाच. त्यावर विजेची पेटी, चहावाल्याचं बाकडं आणि चार मोटरसायकली. पदपथाच्या कडेला पाणी साचलेलं. कामावरून सुटलेला एक पन्नाशीचा माणूस हँडलला डबा अडकवून सायकलवरून चालला होता. डबक्यात खड्डा आहे की नाही हे दिसेना, म्हणून तो थोडा उजवीकडे आला. माझा वेग त्या रस्त्याला शोभणारा नव्हता. ब्रेक दाबला, तरी आरसा त्याच्या हँडलला लागलाच. तो पडला. डब्याचं झाकण गडगडत रस्त्यापलीकडे गेलं.

मी धावत उतरलो. तो उठला होता. गुडघा सोललेला, पण गुडघ्याकडे न बघता त्याने आधी सायकलचं चाक फिरवून पाहिलं. मग माझ्याकडे वळून हात जोडले आणि म्हणाला, "मन्निच्चिडुंग, सार." म्हणजे, माफ करा साहेब.

चूक माझी, लागलं त्याला, आणि माफी त्यानेच मागितली. औषधाच्या दुकानात नेऊन मी त्याची जखम बांधून घेतली, घरापर्यंत सोडलं, पण ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. रस्त्यावर चालणारा आणि सायकल चालवणारा माणूस अपराधी कधीपासून झाला? मंडळी, याला इतिहास आहे.

सुरुवातीला परिस्थिती अगदी उलटी होती. इंग्लंडमध्ये १८६५ च्या कायद्याने यांत्रिक वाहनाला गावात ताशी २ मैल आणि गावाबाहेर ४ मैल इतकीच मुभा होती. वाहनापुढे साठ यार्डांवर एका माणसाने लाल बावटा घेऊन चालायचं! म्हणजे रस्ता लोकांचा, आणि यंत्राने अदबीने यायचं. पुढे हे नियम सैल होत गेले. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही ४४ वर्षांची बाई मोटारीखाली सापडून गेली. ब्रिटनमध्ये मोटारीच्या धडकेने मेलेली ती पहिली पादचारी मानली जाते. चौकशीत निकाल आला तो अपघाती मृत्यूचा. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात वेगमर्यादा ताशी १४ मैलांवर नेणारा कायदा लागू झाला.

खरी उलथापालथ अमेरिकेत झाली. १९२३ मध्ये सिनसिनाटी शहरात बेचाळीस हजार लोकांनी सह्या करून मागणी केली, की मोटारींना यंत्र बसवा आणि ताशी २५ मैलांच्या वर त्या जाऊच देऊ नका. मोटार व्यवसायाने जंगी प्रचार करून मतदानात ती हाणून पाडली. मग वेगावरची चर्चा मागे पडली आणि पायी चालणाऱ्याच्या वागण्यावरची सुरू झाली. 'जेवॉकर' हा शब्द रूढ झाला. तिथल्या बोलीत 'जे' म्हणजे गावंढळ, शहरात कसं वागावं हे न कळणारा. १९२५ मध्ये लॉस एंजेलिसने हवं तिथे रस्ता ओलांडणं नियमाने बंद केलं. आधी हसून लाजवायचं, मग दंड करायचा. पुढची पिढी रस्ता मोटारीचाच असतो असं समजूनच मोठी झाली.

आपण काय केलं? मी लहानपणी ज्या पुण्याच्या गोष्टी ऐकल्या ते सायकलींचं शहर होतं. पेठांमधून सकाळी कामगार, कारकून, कॉलेजची पोरं, सगळे सायकलवर. पण घरात सायकलींच्या आठवणी निघाल्या की त्या कसल्या असायच्या? महापालिकेच्या बिल्ल्याच्या, दिवा नाही म्हणून पोलिसाने अडवल्याच्या, डबलसीट पकडल्यावर चाकातली हवा सोडल्याच्या. आपण हसत सांगतो त्या गोष्टी. पण नीट पाहा, त्यातसुद्धा गुन्हेगार सायकलवालाच आहे. पुढे स्कूटरी आल्या, मोटारी आल्या, रस्ते रुंद झाले आणि सायकल कडेकडेने सरकत गटारापर्यंत गेली. २०१७ मध्ये पुण्याने शहरासाठी सविस्तर सायकल आराखडा केला, तोवर तो वापरायला उरलेले सायकलवाले मुख्यतः कामगार होते, ज्यांच्यापुढे दुसरा पर्यायच नव्हता.

तमिळनाडूची कथा थोडी वेगळी. तमिळमध्ये सायकलला 'मिदिवंडी' असा शब्द आहे, म्हणजे पायाने दाबत चालवायची गाडी. पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी त्याला बळ दिलं. पाणी आणायला, बाजाराला, शाळेला कुणाची वाट बघावी लागेना. पुढे राज्य सरकारने शाळकरी मुलामुलींना मोफत सायकली दिल्या. प्रश्न एवढाच, की सायकल सरकारने दिली, पण ती चालवायची कुठे? चेन्नई महापालिकेने २०१४ मध्ये पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी स्वतंत्र धोरण स्वीकारलं. वाहतुकीच्या खर्चातला किमान ६० टक्के वाटा त्यांच्यासाठी, आणि पादचाऱ्यांचे मृत्यू शून्यावर आणायचे, असं त्यात लिहिलं होतं. २०१९ मध्ये त्यागराय नगरच्या पाँडी बाजारात रुंद पदपथ झाले. तिथे गेलात तर बघा, म्हातारी माणसं निवांत बसलेली असतात. पण पाँडी बाजार ते ओरगडम हे अंतर नुसत्या किलोमीटरचं नाही.

आता कायद्याकडे येऊ. १९८५ मध्ये मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांच्या खटल्यात, ऑल्गा टेलिस खटल्यात, सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या घटनापीठाने राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात उपजीविका येते असं सांगितलं. त्याच निकालात हेही म्हटलं, की पदपथ हा चालणाऱ्यांसाठी असतो. दोन्ही गोष्टी एकाच निकालात आहेत, हे विसरू नका. चहावाल्याचं पोट आणि चालणाऱ्याचा जीव यांची झुंज लावायची नाही, दोघांना जागा करून द्यायची आहे. बरोबर चाळीस वर्षांनी, मे २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने अडथळे नसलेला, अपंगांनाही वापरता येईल असा पदपथ हा त्याच २१ व्या कलमातला हक्क असल्याचं सांगितलं. तो खटला दाखल करणारे डॉ. एस. राजशेखरन हे कोइम्बतूरचे अस्थिशल्यचिकित्सक. रोज मोडलेली हाडं जोडणारा माणूसच न्यायालयात गेला, यात सगळं आलं.

आणि मोडणाऱ्या हाडांचा हिशेब? २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. दिवसाला सरासरी नव्वद.

नेदरलँड्सचं उदाहरण आपल्याकडे नेहमी दिलं जातं, पण अर्धवट. तो देश जन्मजात सायकलींचा नव्हता असं नाही, पण १९५०-६० मध्ये तिथेही मोटारींनी सायकली ढकलून लावल्या होत्या. १९७१ मध्ये तिथे सुमारे ३,३०० माणसं रस्त्यावर मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं. मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने लेख लिहिला, शीर्षक होतं 'मुलांची हत्या थांबवा'. आईबाप रस्त्यावर उतरले, तेच नाव घेऊन चळवळ उभी राहिली, पाठोपाठ १९७३ चं तेलसंकट आलं, आणि सरकारला रस्ते बदलावे लागले. तिथल्या आईबापांनी 'अपघात' हा शब्द नाकारला, तिथून सुरुवात झाली.

रस्ता बदलायचा म्हणजे काय, याचं गणित सोपं आहे. ताशी ५० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते, ३० च्या वेगाने ८ मीटर. चालकाला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. त्या सहा मीटरमध्ये माझा सायकलवाला होता. आणि वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. म्हणून वस्तीत वेग कमी हवा, आणि तो पाटीने नव्हे तर उंचवटा, अरुंद वळण, उंचावलेली रस्ता ओलांडायची जागा यांनी कमी व्हायला हवा. भारतीय मानकांप्रमाणे पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि उंची दीडशे मिलिमीटरपेक्षा जास्त नको. गुडघाभर उंच पदपथावर म्हातारं माणूस चढतच नाही, ते खालूनच चालतं. मग आपण म्हणतो, लोकांना शिस्त नाही.

तो सायकलवाला मला अजून दिसतो, शिफ्ट सुटायच्या वेळी. आता मी त्या रस्त्यावर तीसच्या वर जात नाही. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत. मोडक्या तमिळमध्ये मी त्याला एकदा सांगितलं, की माफी मी मागायला हवी होती. तो हसला आणि म्हणाला, "रस्ता तसाच आहे ना, सार."

विजेची पेटी अजून पदपथावरच आहे. मी त्याबद्दल दोनदा अर्ज दिला आहे, तिसरा देणार आहे. तुमच्या रस्त्यावरही अशी एखादी पेटी असेल. उद्या घरातून निघालात की नाक्यापर्यंत एकदा पायी जा, आणि किती वेळा पदपथ सोडून खाली उतरावं लागतं ते मोजा. तो आकडा हाच तुमच्या रस्त्याचा इतिहास आहे.