अलोहा

वर्गात सोपा प्रश्न टाकला की चाळीस तोंडे एकदम उघडतात. मग मी टेबलावर डस्टर आपटतो नि 'एकेकाने!' म्हणून ओरडतो. त्यामुळे हवाई बेटांवरच्या एका प्राध्यापकाची हकीकत प्रथम वाचली तेव्हा मी चिडलोच.

नॉर्मन अब्रॅमसन हे त्यांचे नाव. समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन स्वार होण्याचा त्यांना भारी नाद. त्या ओढीनेच ते हवाई विद्यापीठात आले. विद्यापीठाचा मोठा संगणक होनोलुलूला, शाखा मात्र बेटाबेटांवर विखुरलेल्या. दुरून संगणकाशी बोलायचे तर टेलिफोनची तार भाड्याने घ्यायची. आणि टर्मिनलपुढे बसलेला माणूस चार अक्षरे टंकतो नि पाच मिनिटे विचार करतो. भाडे विचाराचेही भरायचे! १९६८ साली अब्रॅमसन आणि त्यांचे सहकारी कामाला लागले ते तार टाळून अक्षरे रेडिओवरून पाठवण्याच्या खटपटीला.

टर्मिनलच्या सीरियल पोर्टातून अक्षरे बाहेर पडतात ती पंढरीच्या दर्शनबारीसारखी, एकामागे एक. ही रांग एका पेटीत शिरे. पेटी ऐंशी अक्षरांचे पाकीट बांधी, त्यावर पत्ता घाली, तपासणीचे आकडे जोडी आणि सेकंदाला ९,६०० बिटांच्या वेगाने ते हवेत सोडी. एक पाकीट ७०४ बिटांचे, म्हणजे सेकंदाच्या सुमारे चौदाव्या हिश्श्याचे काम.

पण हवा एक, पेट्या अनेक. पाळी कोणी लावायची? कोणीच नाही! ज्याला बोलायचे त्याने खुशाल बोलावे. पलीकडे 'मेनेहुने' नावाचा छोटा संगणक कान देऊन बसलेला. (हवाईच्या दंतकथांतल्या बुटक्या, कामसू लोकांचे हे नाव.) पाकीट धड पोचले की तो दुसऱ्या लहरीवरून पोच देई. पोच आली नाही तर दोन पाकिटे आपटली असे समजायचे आणि थोडे थांबून पुन्हा पाठवायचे. खरी गंमत त्या 'थोडे'त आहे. दोघेही सारखेच थांबले तर पुन्हा टक्कर ठरलेली. म्हणून किती थांबायचे ते फाशांवर सोडलेले.

जून १९७१ मध्ये हे जाळे सुरू झाले. गणित मात्र निष्ठुर होते: शंभर क्षणांतले फार तर अठरा सत्कारणी लागणार. बोलणारे फार वाढले तर टकराच टकरा, आणि पोचत काहीच नाही. म्हणजे चाळीस तोंडांच्या वर्गाला हा कायदा लागू नाही. माझा डस्टर शाबूत! पण अधूनमधून बोलणाऱ्यांना तो स्वस्त पडला. पुढे लॅरी रॉबर्ट्स यांनी घड्याळाच्या ठोक्यालाच पाकीट सोडायचे ठरवून अठराचे दुप्पट केले. १९७३ साली बॉब मेटकाफ यांनी 'बोलण्याआधी ऐका' ही भर घातली आणि कचेऱ्यांतले इथरनेट जन्मले.

अब्रॅमसन २०२० साली वारले. खिशातला मोबाइल मनोऱ्याला पहिली हाक मारतो ती अजून अशीच, पाळी न लावता. उत्तर आले नाही तर थोडे थांबून पुन्हा.