मुंग्यांच्या पडद्यावरचा संगणक

आज टीव्हीची वायर निघाली, तर पडदा निळा किंवा काळा होतो आणि 'नो सिग्नल' अशी पाटी येते. पूर्वी तिथं मुंग्या दिसायच्या. मग अमरावती-अकोल्याकडं एक जण गच्चीवर चढून ॲन्टेना फिरवायचा आणि दुसरा खालून ओरडायचा, "आलं, आलं... गेलं!" या मुंग्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर एका यंत्राचीही वाट बंद झाली. ते यंत्र म्हणजे ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक.

एप्रिल १९८२ मध्ये इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीनं झेडएक्स स्पेक्ट्रम आणला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपलं दूरदर्शन रंगीत झालं. पुढं १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' भारतात विकायला काढला.

या संगणकाला स्वतःचा पडदा नव्हता. घरातल्या टीव्हीवरच भागवायचं, म्हणून तो स्वस्त. पण त्या काळच्या बहुतेक टीव्हींना मागं ॲन्टेनाची वायर लावायची तेवढी सोय. म्हणून संगणकात मॉड्युलेटर नावाची छोटी पत्र्याची डबी बसवली. ती चित्र लहरींवर चढवून द्यायची आणि टीव्ही समजायचा, हेही एक प्रक्षेपण केंद्रच आहे! ब्रिटिश स्पेक्ट्रमचं चित्र यूएचएफच्या छत्तीस नंबरवर यायचं. आपलं दूरदर्शन व्हीएचएफवर. गोल खटक्याच्या, बारा चॅनेलांच्या सेटला छत्तीसचा पत्ताच नव्हता. परदेशाहून हौसेनं आणलेलं यंत्र अशा सेटपुढं आंधळंच.

प्रोग्राम असायचे साध्या कॅसेटवर, किरकिर आवाजाच्या रूपात. हॉलंडमध्ये तर ते चक्क रेडिओवरून प्रसारित होत. श्रोते घरी टेप करून घेत.

दूरदर्शनची बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपकं २०२२ पर्यंत बंद झाली. टीव्हीही बदलले. दूरदर्शनचं चित्र ६२५ रेषांचं, दोन हप्त्यांत येणारं. स्पेक्ट्रम मात्र सेकंदाला पन्नास वेळा ३१२ रेषांचं चित्र पाठवतो. जुनी पिक्चर ट्यूब असल्या फरकाची फिकीर करत नसे. नव्या टीव्हीतलं डिजिटल सर्किट काटेकोर. काही टीव्हींवर चित्र थरथरतं, काही ते घेतच नाहीत.

यावर तोड आहे. मॉड्युलेटरला वळसा घालून व्हिडिओची वायर बाहेर काढायची आणि टीव्हीच्या पिवळ्या पिनेला द्यायची. पिवळी पिन नसेल, तर एचडीएमआयचा छोटा कन्व्हर्टर मध्ये घालायचा. डाग देता येणाऱ्या जुन्या टीव्ही मेकॅनिकला हे काम अवघड नाही. मात्र डबी काढून फेकू देऊ नका. तीच त्या काळाची खूण आहे.

मला खरी काळजी वाटते ती कॅसेटींची. विकत घेतलेले खेळ जगात कुठंतरी सापडतील. पण नववी-दहावीतल्या पोरानं स्वतः लिहिलेला प्रोग्राम त्या एका फितीवरच असतो आणि अकोल्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. तेव्हा टीव्हीच्या वायरीमागं लागण्याआधी टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून तो किरकिर आवाज आजच्या संगणकात उतरवून घ्यावा. फीत धड असेल, तर एका प्रोग्रामला पाच-सहा मिनिटं पुरतात.